मिठागरातला घोडेस्वार

शनिवारी, चंपाषष्ठीच्या सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, कोपरमधल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात मला लिंबाच्या रसात टाकण्यात आले. वाटी स्टीलची होती. टाकणारे गृहस्थ महेंद्र गुप्ते, विमा कंपनीतून निवृत्त, स्थानिक नाणेसंग्राहक मंडळाचे अध्यक्ष. वाटीवर झाकण ठेवून ते पोहे खायला बसले.

मी एक जुने रोमन नाणे आहे, मित्रांनो. वय सुमारे सोळाशे सत्तर वर्षे, आकार अंगठ्याच्या नखाएवढा. ज्याने मला पाडले त्या कामगाराने हातोडा मारताना माझ्याकडे पाहिलेही नाही, त्यामुळे माझा शिक्का एका बाजूला सरकलेला आहे. धातू म्हणाल तर तांबे, जरासे कथील आणि चोरून घातलेले बरेचसे शिसे. एका अंगावर सम्राट कॉन्स्टॅन्शियस, या नावाचा दुसरा. दुसऱ्या अंगावर एक शिपाई घोड्यावरून कोसळणाऱ्या स्वाराला भाला खुपसतो आहे. भोवती लॅटिन अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ, सुखाचे दिवस परत आले.

ज्या सरकारला सुखाचे दिवस आल्याचे नाण्यावर ठोकून सांगावे लागते, त्या सरकारच्या राज्यात लोक काय खात असतील ते तुम्हीच ओळखा. माझ्यासारखी मूठभर नाणी दिली की पाव मिळे. कधीकधी तोही मिळत नसे.

एका खलाशाच्या थैलीतून मी कल्याण बंदरात उतरले. त्याने मला एका मासेवालीपुढे धरले. तिने मला चावून पाहिले, थुंकली आणि परत केले. मला भेटलेली ती पहिली जाणकार व्यक्ती. खलाशाने रागाने मला खाडीत भिरकावले. पुढची कित्येक शतके मी चिखलात काढली. त्या काळाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. चिखल भाषणे करीत नाही.

मग बाळकुमला मिठागर झाले. आवडाबाई पाटील यांच्या सासऱ्यांच्या फावड्याला मी लागले. त्यांनी मला धुतले, उन्हात धरले आणि त्यांना घोडा दिसला. घोड्यावर माणूस दिसला. चंपाषष्ठी जवळ आली होती. त्यांनी मला कपाळाला लावले आणि म्हणाले, "खंडोबा आला." त्या दिवसापासून मी देव्हाऱ्यात.

मला हसू आले होते, हे कबूल करते. रोमच्या शिपायाने ज्याला लोळवले, त्या बिचाऱ्यालाच लोक भंडारा वाहत होते. पण त्या घरात मला कधी आंबट लागले नाही. देव्हाऱ्यातली पितळेची भांडी चिंचेने लखलखत, मला मात्र वर्षातून एकदा खोबरेल तेलाचे बोट आणि वर हळदीची चिमूट. आवडाबाईंच्या सासूची ताकीदच होती. मिठागरात आयुष्य गेलेली ती बाई. मीठ प्यालेल्या धातूला आंबट लागले की तो आतून कुरतडला जातो, हे ती पहारी, कड्या आणि बिजागऱ्या गमावून शिकली होती. माझ्या अंगावरचा हिरवा थर त्यामुळे शाबूत राहिला. त्या थराखाली, घोड्याच्या पायाखालच्या रेघेशी, तीन बारीक अक्षरे होती. मी कोणत्या शहरात जन्मले ते फक्त त्या तीन अक्षरांना माहीत होते.

मिठागर गेले, तिथे टॉवर आले. आवडाबाई अकराव्या मजल्यावर राहायला गेल्या. देव्हारा लिफ्टमधून वर गेला, मी पदरात बांधून. पुढे त्यांचा नातू मयूर याने माझा फोटो कुणाला तरी पाठवला आणि तो फिरत फिरत गुप्त्यांकडे पोचला. गुप्ते स्वतः बाळकुमला आले. "अभ्यासासाठी फक्त आठ दिवस," म्हणाले. आवडाबाईंनी एकच अट घातली, चंपाषष्ठीला देव घरी पाहिजे. गुप्त्यांनी मान हलवली. या गोष्टीला पाच आठवडे झाले होते.

या पाच आठवड्यांत त्यांनी माझा अभ्यास केला तो असा. भिंगातून एकदा पाहिले. इंटरनेटवर रोमन सम्राटांची चित्रे पाहिली. त्यातला सर्वांत प्रसिद्ध सम्राट निवडला आणि कार्ड छापून आणले: "ऑगस्टस. रोमचा पहिला सम्राट. बाळकुम येथे सापडलेले दुर्मिळ नाणे." प्रदर्शनाचा दिवस शनिवार ठरवला. त्या दिवशी चंपाषष्ठी आहे हे कॅलेंडरवर लाल अक्षरात होते. ते कॅलेंडर मंडळाने छापले होते.

नऊ पन्नासला बेल वाजली. मंडळाच्या सभासद कल्पिता गायकवाड आल्या. त्या विठ्ठलवाडीला राहतात, ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतात. काचेच्या पेटीत अंथरायचे कापड द्यायला आल्या होत्या. त्यांनी वाटीवरचे झाकण उचलले.

"सर, हे काय केलंत?"

"अगं, साफ करतोय. लोकांना चेहरा दिसायला नको? व्हिडिओत बघितलंय मी. लिंबू नॅचरल असतं."

"विंचूपण नॅचरल असतो, सर."

त्यांनी मला चमच्याने बाहेर काढले आणि नळाखाली धरले. हिरवा थर वाटीतच राहिला. मी गुलाबी दिसत होते, सोललेल्या कोंबडीसारखी. कल्पिताबाई भिंग घेऊन खिडकीशी गेल्या आणि त्यांनी मला उजेडात उलटसुलट करून पाहिले.

"हा ऑगस्टस नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "डोक्यावर पानांचा मुकुट नाही, मोत्यांची पट्टी आहे. नावाआधी डी आणि एन आहे. म्हणजे 'आमचे धनी'. असं लिहायची पद्धत ऑगस्टसनंतर तीनशे वर्षांनी आली. हा कॉन्स्टॅन्शियस. दुसरा."

"त्याला कोण ओळखतं?"

"ओळखायचं आपण असतं ना, सर. मंडळ त्यासाठीच आहे."

"कार्ड छापून झालंय," गुप्ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

कल्पिताबाईंनी रेघेखालची अक्षरे पाहिली. एस होता. एम होता. तिसऱ्या अक्षराच्या जागी ताजा खड्डा होता. एस आणि एम अनेक टाकसाळींच्या नाण्यांवर असतात. शहर ठरत होते ते तिसऱ्या अक्षरावर. मला ते शहर माहीत आहे. मी सांगणार नाही. विचारायची वेळ होती तेव्हा तुमचे अध्यक्ष लिंबू पिळत होते.

साडेचारला गुप्त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, जिथे मला काचेच्या पेटीत मांडले होते, आवडाबाई आल्या. सोबत मयूर. हातातल्या पिशवीत नारळ आणि भंडाऱ्याची पुडी.

"गुप्ते भाव, आठ दिस बोललेलास. आज सट हाय. माजा देव दे."

"मावशी, प्रदर्शन तेवढं होऊ द्या. वार्ताहर येतोय. ऐतिहासिक गोष्ट आहे हो ही."

"सात वाजता आरती हाय त्याची. ती पन ऐतिहासिकच हाय."

त्या पेटीवर वाकल्या. काचेवर त्यांचा श्वास उमटला आणि विरला. "याला आंबट लावलंत?"

गुप्त्यांनी टाय सारखा केला.

"माजी सासू शालंत नाय गेली," आवडाबाई म्हणाल्या. "पन येवढं तिला ठाव होतं."

"काका, देव होता तो," मयूर म्हणाला. "मिसळ नव्हती."

गुप्ते म्हणाले की वार्ताहर स्टेशनवर उभा असेल, त्याला घेऊन येतो, मग बघू. चार पन्नासला ते गेले. पेटीची चावी त्यांच्या खिशात होती. स्टेशन हॉलपासून सात मिनिटांवर आहे.

आवडाबाईंनी पेटीसमोर खुर्ची ओढली आणि कल्पिताबाईंना हाक मारली. "तू मास्तरीन ना? मंग सांग मना, काय लिवलंय त्याच्यावर?"

कल्पिताबाईंनी सम्राटाचे नाव सांगितले. सुखाच्या दिवसांचेही सांगितले. मग अडखळल्या.

"आजी, घोड्यावरचा आहे ना... तो जिंकणारा नाहीये. उभा आहे तो त्याला भाला मारतोय. घोड्यावरचा पडतोय."

"हारलेला हाय?"

"हो."

आवडाबाईंनी पिशवीतला नारळ मांडीवर घेतला. "मिठागर गेलं. खाडी भरली. माज्या दोन दिरांना जागंचा कागद वाचता आला नाय, अंगठा दिला नि बसले." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "आमच्याच घरचा हाय तर. तरीच आमच्याकडं आला."

सम्राटांनी मला मिरवले, व्यापाऱ्यांनी मोजले, संग्राहकांनी ओळखल्याचे सोंग केले. मी कुणालाच फारशी किंमत दिली नाही. या बाईंना मात्र दिली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे काही असेल तर एवढेच करा. त्याला घासू नका, चमकवू नका, प्रसिद्ध माणसाचे नाव चिकटवू नका. कोरडे ठेवा. आणि ते ज्याच्या घरचे असेल, त्याच्या घरी सांगितलेल्या दिवशी पोचते करा. याला विद्वत्ता लागत नाही. लिंबू सरबतासाठी ठेवा.

कल्पिताबाईंनी कार्ड उलटे करून मागे पेनने लिहिले आहे: "कॉन्स्टॅन्शियस दुसरा. टाकसाळ अज्ञात. घर: बाळकुम." ते काचेला टेकवून ठेवले आहे. मयूरने पेटीच्या कुलपाला दोनदा हात लावून पाहिला. आवडाबाईंनी दोन्ही वेळा त्याला मागे ओढले.

आता पाच वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत. महेंद्र गुप्ते परतलेले नाहीत. कल्पिताबाईंनी चार वेळा फोन केला, तो उचलला गेलेला नाही. आरती सातची आहे आणि कोपरहून बाळकुमला गाडीने सव्वा तास लागतो.