राज्य बाबांवर होतं

पंचफुलाआत्याचा फोन आला तेव्हा महामाया सातवीच्या वर्गात शिकवत होती. फोन टेबलावर थरथरत राहिला, थांबला, पुन्हा थरथरायला लागला. शेवटी मुलांना धडा वाचायला सांगून ती व्हरांड्यात आली. पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत होतं.

"भाऊ गेला माहा, अन् तू मले सांगतलं नाही व? परक्याच्या मोबाइलवर पाहा लागलं मले!"

"काय बोलून राह्यली तू, आत्या? कोण गेलं?"

"तुहा बाप, बाई! फोटो आलाय त्याचा..."

आत्याच्या सुनेनं पाठवलेला फोटो तिनं उघडला. काळ्या चौकटीत एक शेतकरी, तोंड दोन्ही हातांत लपवून बसलेला, शेजारी कापसाचा ढीग. खाली लिहिलं होतं : 'बोंडअळीने घेतला आणखी एक बळी. देऊळगाव राजा तालुक्यातील इंद्रभान साळवे यांनी संपवली जीवनयात्रा.'

फोटो तिच्याच घरचा होता. नेटवर तिनंच टाकला होता.

तिची आई अन्नपूर्णा गेली त्याला वर्ष होत आलं होतं. आईच्या पेटीच्या तळाशी फोटोंचा गठ्ठा सापडला होता, ओलीनं एकमेकांना चिकटलेला. तो घेऊन महामाया बुलढाण्यातल्या वाहेदभाईंच्या स्टुडिओत गेली. वाहेदभाई मूळचे देऊळगाव राजाचे. आई-बाबांच्या लग्नाचे फोटो त्यांच्याच वडिलांनी काढले होते. त्यांनी एकेक फोटो अलगद सोडवला, स्कॅन केला आणि देताना बजावलं, "लिंक फक्त घरच्यायले पाठव बेटा. नावगाव लिहून उघड्यावर टाकू नको."

तिनं आधी लिंकच पाठवली होती. पण कुणाला ती उघडेना, कुणी पासवर्ड विचारी. तेच ते समजावून कंटाळलेल्या महामायानं एका रविवारी सगळा अल्बम फेसबुकवर टाकला, सगळ्यांना दिसेल असा, प्रत्येक फोटोखाली नाव आणि गाव लिहून. दिवसभर लाइक येत राहिले. तिला आनंद झाला होता.

हा फोटो दयाराममामानं काढलेला. लपंडाव चालला होता आणि राज्य बाबांवर होतं. ते डोळे झाकून आकडे म्हणत होते आणि छोटी महामाया कापसाच्या ढिगामागं लपली होती. मूळ फोटोत तिच्या फ्रॉकची कड दिसते. कुणीतरी तेवढा भाग कापला होता, रंग काढून टाकले होते. चेहराच दिसत नसल्यामुळे माणूस तिशीचा की साठीचा, हे कळायला मार्ग नव्हता.

म्हणजे खोटं होतं सगळं. तिनं श्वास सोडला आणि बाबांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. शेजारच्या सहदेवकाकांचा फोन लागेना.

दिवाळीत ती गावी गेली होती तेव्हा बाबांनी एक हिरवं बोंड तिच्यासमोर फोडून दाखवलं होतं. आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली. "या बियाण्याले अळी लागतच नाही म्हणत होते," एवढंच ते बोलले होते. नंतर चार दिवस जवळजवळ गप्पच. ते सगळं आता तिला आठवायला लागलं. फोटो खोटा होता, पण बाबांचा फोन बंद होता.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती वाहेदभाईंच्या दुकानात पोचली. त्यांनी फोटो पाहिला, तिचं तोंड पाहिलं आणि शटर ओढलं. "बस गाडीत."

चिखलीच्या रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले, "आधी अल्बम बंद कर. त्याच्याआधी त्या पोस्टीचा स्क्रीनशॉट काढून ठेव, पोलिसायले लागंल. मंग रिपोर्ट मार."

तिनं सगळं केलं. पोस्ट तोवर कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेली होती. अनोळखी माणसं श्रद्धांजली वाहत होती. एकानं आईचा फोटोही उचलून खाली लावला होता : 'मागे राहिलेली अभागी पत्नी.'

"आता तुह्या नावानं लिही," वाहेदभाई म्हणाले. "बातमी खोटी आहे, माझे वडील सुखरूप आहेत, असं."

तिनं लिहिलं. 'सुखरूप'पाशी बोट थांबलं.

"भाई, टाकू?"

"टाक."

"अन् तेच खोटं निघालं तर?"

वाहेदभाईंनी गाडीचा वेग तेवढा वाढवला.

गावी पोचले तर घराच्या अंगणात माणसं जमली होती. सहदेवकाका पुढं आले.

"बाबा कुठं हायत?"

"सकाळी मीच त्याले मोबाइलवर ते दाखवलं, पोरी. हासला तो. फोन घरीच ठेवला अन् वावरात गेला. आमाले वाटलं, येईन जेवाले."

"अन् कोणी पाहाले गेलं नाही?"

महामाया चपला तिथंच टाकून पळत सुटली.

कपाशी उभी होती, पण पानं गळालेली, बोंडं काळी पडलेली. पलाट्यांच्या वाळक्या काड्या पायांना ओरबाडत होत्या. बांधावरच्या बाभळीखाली तिला पांढरा सदरा दिसला. पाठमोरा. हलत नव्हता.

"बाबा!"

सदरा हलला नाही.

"बाबा!"

इंद्रभानांनी सावकाश मान वळवली. महामाया धापा टाकत त्यांच्याजवळ आली आणि ढेकळातच बसली.

"घरी काऊन नाही आले?"

"निंघालो व्हतो. दुरून पाह्यलं तर अंगणात लोकं. माह्याच मौतीले आलेल्या लोकायत मी कसा जाऊ?"

"फोटो खोटा हाय बाबा. माही चूक झाली. मी उघड्यावर टाकला."

"हाव, खोटाच." ते बाभळीची साल नखानं सोलत राहिले. "सहदेवनं दाखवला तवा हासलो मी. मंग इथं येऊन बसलो अन् वाटलं, ज्यानं कोनं हे लेहलं, त्याले कसं ठाव पडलं?"

"काय?"

"माह्या मनातलं."

ती रडली नाही. त्यांच्या सदऱ्याची बाही मात्र तिनं घट्ट धरली.

"कवापासून?"

"तुही माय गेल्यापासून थोडं थोडं. बोंडं फोडून पाह्यली तवापासून जास्त."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तू फोटो दाखवत व्हती. खुश व्हती." मग अगदी हळू म्हणाले, "आज मले एकटं ठेवू नको."

"नाही ठेवत. माह्यासंगं बुलढाण्याले चला. डॉक्टरले दाखवू."

"डॉक्टर काय कपाशी नीट करते?"

"कपाशीचं मंग पाहू. तुमचं आधी."

ते उठले. ती बाही न सोडता चालत राहिली. वाटेत वाहेदभाई भेटले. इंद्रभानांना पाहून ते मधेच थांबले आणि रुमालानं डोळे पुसत बसले.

तिघं अंगणात शिरली. तेवढ्यात पंचफुलाआत्या जीपमधून उतरली. तिनं भावाच्या पाठीत दोन्ही मुठींनी धपाधप बुक्के मारले आणि मग त्याच पाठीला मिठी मारून हंबरडा फोडला. इंद्रभान तिला थोपटत राहिले. नंतर त्यांनीच वाहेदभाईंना मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगितला आणि त्यात पाहून म्हणाले, "मी इंद्रभान साळवे. जिता हावो." मग महामायाकडे वळले, "हे टाक. पण तुह्या मायचा फोटो आता बाहेर नको जाऊ देऊ."

दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात तक्रार नोंदवली. पोस्ट करणारा काही सापडला नाही. काही ठिकाणची पोस्ट निघाली, काही ग्रुपवर पुढं कितीतरी दिवस फिरत राहिली. बाबा हिवाळा-उन्हाळा लेकीकडेच राहिले. डॉक्टरकडे गेले, गोळ्यांबद्दल कुरकुरले, पण घेत राहिले. वाहेदभाईंच्या दुकानात बसून त्यांनी नवा अल्बम करून घेतला, फक्त घरच्यांसाठी. कुणाला त्यात घ्यायचं, हे स्वतः ठरवलं. न विचारता पोस्ट पुढं ढकलणाऱ्या एका पुतण्याला सरळ वगळलं.

पेरणीच्या तोंडावर ते गावी परतले. रोज संध्याकाळी फोन करायचा, असं ठरलं होतं. बहुतेक दिवशी सोयाबीनचं आणि सहदेवकाकांच्या म्हशीचं बोलणं व्हायचं. एखाद्या दिवशी मात्र ते म्हणायचे, "आज काही बरं वाटून नाही राह्यलं." मग महामाया विचारत बसायची नाही. सकाळची पहिली बस धरायची.