भरणबाबाचं बाळसं

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात आरमोरीकडच्या एका गावात भरणबाबा उतरले आणि भाताची रोवणी अर्धवट टाकून माणसं त्यांच्या मांडवाकडे लोटली. चमत्कारच तसा होता. बायनाबाईचा नातू लटारू, नुसता हाडांचा सापळा, अंगाऱ्यानं गुबगुबीत झाला होता. गाल वर आले, पाय भरले. बाबा त्याला मांडीवर मिरवत सांगत, "हड्डी पे मांस चढाना, माई, अपने बाएँ हाथ का काम है."

पथ्य मात्र कडक. पोराला फक्त तांदळाची पेज आणि तीत अंगारा. वरण, अंडी, मासळी त्याला विषासमान, ती देवाला द्यायची. देव अर्थातच बाबांच्या तोंडानं जेवत असे. बायनाबाई आपल्या कोंबडीचं अंडं रोज पदराखाली झाकून नेई आणि वर बाबांचे पाय चेपून देई. नातू हसेनासा झाला होता, केस तांबूस पडले होते, पण बाळसं दिसत असताना केसांकडे कोण बघतो?

फिरतीवर आलेल्या आशाबाई नर्सनं पोर पाहिलं आणि ती चरकली. अंगारा जिभेला लावला, तर निम्मं मीठच. पोराला आत्ताच दवाखान्यात न्या, म्हणाली. बायनाबाई उखडली.

"काऊन? माहा नातू भरून आला त तुमच्या डोळ्यात खुपून राह्यला का?"

"बाई, त्याच्या नडगीवर अंगठा दाबा अन् सोडा."

म्हातारीनं दाबून सोडला. ओल्या मातीत पडावा तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. हे मांस नव्हे, पाणी आहे, आशाबाईनं समजावलं. वरण-अंडं तोडल्यानं अंगावर सूज आली आणि मिठानं ती वाढली. असंच चाललं तर पोरगं हातचं जाईल.

बायनाबाई नातवाला कडेवर घेऊन थेट मांडवात गेली. बाबांनी सवयीनं पाय पुढे केला. तिनं सगळ्यांदेखत त्यांच्या नडगीवर अंगठा रुतवला आणि काढला. खड्डा औषधालाही दिसेना.

"पाहा," ती म्हणाली, "खरं मांस हे आहे. माह्या लटारूच्या तोंडचं."

बाबांना त्याच दिवशी दुसऱ्या गावचं निकडीचं बोलावणं आलं. दवाखान्यात सूज उतरली तेव्हा लटारू इतका वाळका निघाला, की बायनाबाईला रडू आवरेना. मग हळूहळू वरण-अंड्यावर तो खरोखर भरला.

अंगारा कपाळाला लावायचा तर खुशाल लावा. पण देवाला भूक लागत नाही, पोराला लागते. अंडं पोराला द्या.