परत मागितलेल्या पिशव्या

पार्वतीबाईंनी नातवंडासाठी काय काय शिवलं होतं हे सांगायला बसलं, तर त्यांच्या नवऱ्याला, तातेरावांना, मधेच पाणी प्यावं लागायचं. सहा झबली, चार टोपडी, कान झाकणारी कुंची, आठ दुपटी, डझनभर लाळेरी आणि वर सात कप्प्यांची एक पिशवी. एक कप्पा दुधाच्या बाटलीला, एक कोरड्या लंगोटांना, एक ओल्यांना. उरलेले चार कशाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. कापड सगळं सुलतान बाजारात स्वतः बोटांनी चोळून, दुकानदाराशी हुज्जत घालून आणलेलं.

"बाळ येणारंय का दुकान टाकायलीस?" तातेराव विचारायचे. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून टोमणे मारायला त्यांच्याकडे बायकोशिवाय गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

बाळ आलं ते सात आठवडे आधी. मुलगी. वजन एक किलो तीनशे ग्रॅम. सगळ्यात लहान झबलं तिच्या अंगावर धरून बघितलं तर ते थेट पायांच्याही खाली गेलं. आणि त्या सात कप्प्यांच्या पिशवीत तर अशा तीन मुली मावल्या असत्या. पार्वतीबाईंनी सगळं शिवलेलं गाठोड्यात बांधून कपाटावर टाकलं आणि कुणाला त्याचा विषय काढू दिला नाही.

नऊ दिवस मुलगी काचेच्या पेटीत होती. दहाव्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं की आता तिला आईच्या उघड्या छातीशी ठेवायचं, रोज काही तास. तीच ऊब, तेच औषध. त्यासाठी वॉर्डात कापडी पिशव्या होत्या. बाळ आत, नाड्या आईच्या खांद्यावरून आणि कमरेभोवती बांधायच्या. पण पिशवी जरा मोठ्या बाळाच्या मापाची निघाली. मुलगी आतल्या आत घसरली, तिचं तोंड कापडात गेलं. सिस्टर शेजारीच होती, तिनं क्षणात उचललं, काही झालं नाही. पण रोशनी, म्हणजे पार्वतीबाईंची सून, जी किंचाळली ती परत पिशवीला हात लावीना.

"मी नाही घेणार, आई," ती म्हणाली. "माझ्या हातून निसटली ती. तिला मशीनमध्येच राहू द्या. तिथं सेफ आहे."

नवऱ्यानं, नागसेननं, समजावलं. डॉक्टरांनी समजावलं. रोशनी भिंतीकडे तोंड करून पडली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग सिस्टरनं पार्वतीबाईंना बाहेर बोलावलं. "अम्मा, तुम सिलाई करते बोले ना? इसकेच नाप की थैली सिलाके लाओ. चार पदर होना. नया कपडा नक्को, पुराना होना, धो-धोके नरम हुआ सो. इसकी चमडी अभी कच्ची है. कल सुबह तक लाते क्या?"

"लाते," पार्वतीबाई म्हणाल्या. पेटीजवळ जाऊन त्यांनी काचेवरूनच माप घेतलं. डोक्यापासून ढुंगणापर्यंत एक वीत आणि चार बोटं.

घरी येऊन त्यांनी ट्रंक उघडली आणि डोक्याला हात लावला. घरात जुनं सुती कापड चिंधीभरसुद्धा नव्हतं. का, तर ते त्यांनीच संपवलं होतं. सात वर्षांपूर्वी दुकानांतल्या प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या तेव्हा पार्वतीबाईंनी एक जुनी साडी फाडून पिशव्या शिवल्या आणि शेजारी वाटल्या. लोकांनी वाहवा केली. झालं, बाईंना नाद लागला. एकेक करत घरातली सगळी सुती लुगडी कापली गेली, तातेरावांची धोतरंसुद्धा सुटली नाहीत. आता ट्रंकेत होत्या त्या सुनेनं घेतलेल्या, इस्त्री न लागणाऱ्या साड्या. विहारात जायची पांढरी साडी सुती होती, पण ती याच पौर्णिमेला घेतलेली, खळीनं नुसती खडखडणारी.

"मग दिलेल्या पिशव्या परत आण की," तातेराव म्हणाले.

"दिलेलं परत मागू? लाज आहे का काही?"

"कुणाकडून जुनं कापड तरी आण."

यावर पार्वतीबाईंनी धाडकन ट्रंक लावली, आणि तातेरावांनी जीभ चावली. बायकोचा तो कोपरा त्यांना माहीत होता. नांदेडकडच्या गावात पार्वतीबाईंची आई पाटलाच्या घरी राबायची. सणाला तिला तिथली उतरलेली लुगडी मिळायची. दिली असं ते म्हणायचे. खरं म्हणजे पायरीवरून टाकायचे, आणि आई पदर पसरून झेलायची. एका वर्षी तिनं ते गाठोडं तसंच नेऊन पायरीवर ठेवलं आणि घरी येऊन लेकींना सांगितलं की दुसऱ्याचं उतरलेलं आता अंगाला लावायचं नाही. पार्वतीबाईंनी ते इतकं पाळलं की शेजारून भाजीची वाटी आली तर ती त्याच दिवशी भरून परत जायची. देताना हात मोकळा, घेताना मूठ आवळलेली. नारायणगुड्याच्या त्या इमारतीत चोवीस वर्षं काढली, पण कुणाचं लिंबूसुद्धा अंगावर ठेवलं नाही.

दुपारचे बारा वाजले होते. पार्वतीबाईंना सुनेची भिंतीकडे वळलेली पाठ दिसत होती. त्यांनी चपला घातल्या.

तळमजल्यावर बिल्किसबी राहायच्या. दारात उभं राहून पार्वतीबाईंनी आधी उन्हाचं काढलं, मग नळाच्या पाण्याचं. शेवटी कसंबसं सगळं सांगितलं. "बिल्किसबी, मैं दी सो थैली... वो है क्या?"

"है की! बोलने कू इत्ता शरमाते क्या?" बिल्किसबींनी खुंटीवरची पिशवी काढली आणि आतले कांदे तिथंच फरशीवर ओतले. कांदे पलंगाखाली पळाले तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. "ले जाव. अल्लाह बच्ची कू उमर दे."

कोपऱ्यावर यादम्मा गजरे विकायची. तिची पिशवी मोगऱ्याच्या कळ्या ठेवायला होती, रोज ओली होऊन, रोज धुऊन तलम झालेली. "अय्यो, पापा को होना?" तिच्या तेलुगूत पापा म्हणजे तान्हं बाळ. एवढंच म्हणून तिनं कळ्या केळीच्या पानावर काढल्या आणि पिशवी झटकून हातात दिली.

तिसरं घर शैलाबाईंचं, वरच्या मजल्यावर. त्यांचं माहेर-सासर दोन्ही उदगीरकडचं, शेतीवाडीचं. नवरा भगवंतराव वीज खात्यात. बाई चांगल्या, पण पार्वतीबाईंनी त्यांच्याशी अंतर राखलेलं. जिना चढताना त्यांना वाटलं, दोन पिशव्यांत भागवावं. पण हिशेब काही जुळत नव्हता.

शैलाबाईंनी ऐकून घेतलं आणि त्या आत गेल्या. पार्वतीबाईंना दारातून सगळं दिसत होतं. शैलाबाई देवघरापुढे वाकल्या आणि तिथून त्यांनी जांभळी पिशवी काढली. आतून पोथी बाहेर घेतली, कपाळाला लावली आणि उघड्या फळीवर ठेवली.

पार्वतीबाईंनी पिशवी ओळखली. नागसेनच्या बारशाला नेसलेली सुती नारायणपेठ. आठवड्यातून तीनदा नेसून, धुऊन, रंग जाऊन जाऊन थांबलेला.

"हे तुम्ही देवाजवळ ठेवलं होतं?" त्यांनी विचारलं.

"याच्याइतकं मऊ दुसरं काही नव्हतं घरात. पोथीची पानं जुनी आहेत ना." शैलाबाईंनी तिन्ही पिशव्या सोफ्यावर पसरून पाहिल्या. त्याही शिवणकाम जाणणाऱ्या. "पार्वतीबाई, चार पदर करायचे तर हे पुरत नाही. वर नाड्या. थांबा."

त्यांनी आणली ती स्वतःची घरात नेसायची सुती साडी. दोन्ही हातांवर ठेवून पुढं केली. पार्वतीबाईंचा हात उठेना.

"शैलाबाई, वाईट वाटून घेऊ नका. मी उतरलेलं घेत नाही कुणाचं. माझ्या आईनं..."

शैलाबाई तशाच उभ्या राहिल्या, साडी हातावर घेऊन. त्या उदगीरकडच्या शेतीवाडीच्या घरातल्या होत्या, पायरीवरून उतरलेलं टाकायची रीत त्यांनी पाहिलेली. न बोललेलं त्यांना कळलं असावं, कारण त्यांची मान खाली गेली. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं उतरलेलं मी घेतलं ना. सहा वर्षं वापरलं. तुम्हाला कळवलंसुद्धा नाही किती कामाला आलं ते."

पार्वतीबाईंनी फळीवरच्या पोथीकडे पाहिलं. सहा वर्षं. त्यांच्या अंगाचं लुगडं. कुणी विचारलं नव्हतं की कुणाचं, कुणी त्यावर पाणी शिंपडलं नव्हतं. त्यांना एकदम रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. मग दोन्ही हात पुढं करून साडी घेतली.

"आणि बदल्यात नवी पिशवी घेऊन आलात तर दार उघडणार नाही," शैलाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

मेचं ऊन त्या दिवशी कामाला आलं. पार्वतीबाईंनी पिशव्या उसवल्या, साडीसकट उकळत्या पाण्यातून काढल्या, गच्चीवर टाकल्या. तासाभरात सगळं वाळलं. इस्त्री तातेरावांनी केली, आणि टोमणा न मारता केली. मग मशीन सुरू झालं. सगळ्या शिवणी बाहेरच्या अंगाला, म्हणजे आत बाळाला दोऱ्याची एक गाठही लागू नये. बिल्किसबींच्या आणि यादम्माच्या पिशव्यांचे मधले पदर. पाठीला, जिथं सगळा भार येणार तिथं, दुहेरी टीप मारून शैलाबाईंची साडी. त्याच साडीच्या लांब नाड्या. आणि गालाला लागणारा आतला पदर जांभळ्या नारायणपेठेचा. दिवेलागणीला पिशवी तयार झाली. पार्वतीबाईंनी ती आपल्या गालाला लावली. आयुष्यात त्यांनी हजारभर पिशव्या शिवल्या असतील, पण इतकी चांगली एकही साधली नव्हती. आणि साधली त्यात निम्मा हात दुसऱ्यांचा होता, हे त्यांनी तातेरावांना मोठ्यानं सांगितलं.

सकाळी वॉर्डात रोशनीनं पिशवी घेतली नाही. नुसती बघत राहिली. पार्वतीबाई तिच्याजवळ बसल्या.

"हे बघ, हा पदर बिल्किसबींचा. कांदे फरशीवर ओतले बाईनं. हा यादम्माचा, याला अजून मोगऱ्याचा वास असंल. या नाड्या शैलाबाईंच्या साडीच्या."

रोशनीनं चमकून वर पाहिलं. सासूनं कुणाकडून काही आणलं, हे तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं होतं. "तुम्ही मागून आणलं? तुम्ही?"

"मागून आणलं. मलाबी भ्या वाटत होतं, पोरी. दारात उभी राहिले तर मागं फिरावं वाटायलं. पण गेले."

रोशनी बराच वेळ नाडी बोटाला गुंडाळत राहिली. मग तिनं गाऊनची बटणं काढली. "सिस्टर," ती म्हणाली, "पण तुम्ही इथंच थांबा."

सिस्टरनं मुलीला आत ठेवलं, बेडकासारखे पाय दुमडून, गाल आईच्या छातीवर. पार्वतीबाईंनी नाड्या बांधल्या, खांद्यावरून, पाठीवरून फिरवून, कमरेला गाठ. मापात तसूभरही चूक नव्हती. तरी रोशनीनं दोन्ही हातांनी खालून घट्ट धरून ठेवलं, बोटं पांढरी पडेपर्यंत. पाच मिनिटं गेली. दहा. मुलीनं जांभई दिली, मूठ उघडली आणि आईच्या कातडीवर पसरून ठेवली. रोशनीनं एक हात काढला. मग दुसरा. मुलगी होती तिथंच राहिली.

पार्वतीबाई बाहेर येऊन बाकावर बसल्या. त्यांना नवस बोलणं, साकडं घालणं असलं काही येत नव्हतं. त्यांनी नुसती नावं घेतली, एकेक करून. बिल्किसबी, यादम्मा, शैलाबाई. आणि पायरीवर गाठोडं ठेवून आलेली आई. तुमचे सगळ्यांचे उपकार आहेत माझ्यावर, त्या म्हणाल्या, आणि असू द्या ते, मी फेडणार नाही.

दोन तासांनी सिस्टर आत गेली. "बस हुआ आज, रोशनी. लाव अब इधर, पेटी में रखती."

"नाही," आतून रोशनीचा आवाज आला. "मी नाही देणार."