सगुणेचं भुयार

आश्विनातली सकाळ. धुक्याचं शुभ्र तलम वस्त्र दरीच्या खांद्यावरून ओघळत होतं आणि त्याच्या काठाकाठाने सोनकीची पिवळी नक्षी उजळत होती. पूर्वेला सारजागड; ताम्रवर्ण, रुंद छातीचा, तटबंदीचे दात पडलेला. पश्चिमेला मेघगड, नीलश्याम, सडपातळ, सदा ढगाचं पागोटं ल्यालेला. आणि दोघांच्या मधोमध, वाटेत बसकण मारलेल्या हट्टी बैलासारखा, तो आडदांडा नावाचा डोंगर: काळाकभिन्न, निर्विकार, निरुत्तर.

वैजयंताचं सासर सारजागडाच्या पायथ्याशी, माहेर मेघगडाच्या पायथ्याशी. पाखराने पंख पसरावेत आणि मिटावेत, एवढंच अंतर. पण माणसाच्या नशिबी रस्ता. आणि रस्ता असा, की तालुक्याला वळसा, घाटाला वळसा, नदीच्या पुलाला वळसा. अर्धा दिवस नुसता धुरळा आणि गचके.

म्हणूनच की काय, इथल्या माणसांनी डोंगराच्या पोटात एक भुयार पाहिलं होतं. डोळ्यांनी कुणीच नाही, जिभेने सगळ्यांनी.

सारजागडाच्या किल्लेदाराची बायको सगुणा. चंद्रकोरीसारखी रेखीव, केवड्यासारखी गंधवती, आणि माहेरासाठी झुरणारी. किल्लेदार तिला धाडीना. मग तिने गुपचूप पाथरवट बोलावले, गडाच्या कुशीतून मेघगडाच्या कुशीपर्यंत भुयार खोदवलं, आणि एका पौर्णिमेला हातात दिवा घेऊन त्यात शिरली, ती शिरलीच. अजून कातळाला कान लावला तर तिची जोडवी वाजतात म्हणे. भुयारातून घोडेस्वार ताठ बसून जाईल म्हणे. एकदा एक बकरी आत सोडली, ती तिसऱ्या दिवशी मेघगडावर निघाली म्हणे.

त्या ‘म्हणे’चा वैजयंताला उबग आला होता. कुणाची बकरी? कुणी सोडली? कुणी पाहिली? विचारावं तर माणसं अशी बघायची, जणू तिने देवळात चपला घातल्या.

आणि या साऱ्या म्हणेकऱ्यांचा म्होरक्या होता तिचा नवरा, रंगनाथ.

रंगनाथची पिठाची गिरणी होती. बुधवारी गावात वीज नसायची, गिरणी बंद असायची, आणि तो अख्खा बुधवार रंगनाथ भुयाराला वाहायचा. कपाळाला बॅटरी, खांद्याला दोर, हातात टिकाव, मागे दोन मित्र. पहाटे पिठासारखा पांढरा जाणारा हा माणूस सांजेला मातीसारखा तांबडा होऊन यायचा. कपडे धुवायची वैजयंता. गुडघ्यांना हळद लावायची वैजयंता. आणि ‘आज अगदी थोडक्यात हुकलं बघ’ हे ऐकून घ्यायचीही वैजयंताच.

वर्षं गेली. सोनकी फुलली, सोनकी सुकली. भुयार थोडक्यात हुकतच राहिलं.

यंदाच्या आश्विनात मात्र पलीकडून भावाचा फोन आला. आई जेवत नाही. गोदाआई, जिच्या पावलांखाली मेघगडाची माची एके काळी दणाणायची, ती आता अंथरुणाच्या कडेला कोरड्या पानासारखी पडून असते, आणि झोपेत ‘वैजू आली का’ म्हणते.

“आवं, फटफटी काढा,” वैजयंता म्हणाली.

“काढतो की,” रंगनाथ म्हणाला. “गिरणीत दळणं तुंबल्यात. बुधवारी जाऊ.”

बुधवार आला. भिंतीवर ऊन उमटलं. वैजयंताने आईसाठी नाचणीचे लाडू बांधले, नवं लुगडं पिशवीत घातलं, आणि दाराशी आली तर रंगनाथ कपाळाला बॅटरी बांधत होता.

“फकस्त आजचा दिवस, वैजू. रविवारच्या सरीनं दरड ढासळलीया, तिच्यामागं तोंड उघडं पडलंय. खरंखुरं तोंड! आज ते मोकळं झालं की तुझं माहेर हाकेवर. रोज जाशील आईकडं, रोज! कशाला तो वळसा?”

त्याच्या डोळ्यांत पोराचं तेज होतं. तेच तिला सोसेना. खोटा असता तर भांडता आलं असतं. पण तो भाबडा होता, प्रेमळ होता, आणि पुरता वेडा होता. तिच्या माहेराची वाट शोधण्यासाठी तो तिला माहेरी न्यायचं विसरला होता.

ती मागे फिरली. चुलीतल्या लाकडावर जोरात फुंकर मारली; ठिणग्या उडाल्या, राख उडाली, आणि तिच्या केसांवर करडी होऊन बसली.

उन्हं वर आली तशी ती नेहमीप्रमाणे त्याची भाकरी घेऊन गडाच्या कुशीकडे निघाली. डोक्यावर भाकरीचं गाठोडं, काखेत लाडवांची पिशवी. पिशवी का घेतली, हे तिचं तिलाही कळलं नाही.

गवत पिकत होतं. अर्धं हिरवं, अर्धं सोनेरी. नाकतोडे उडत होते, वारा दरीच्या ओंजळीतून वर चढत होता, आणि तिच्या मनात मात्र कढईत तडतडणाऱ्या मोहरीसारखा एकच शब्द: म्हणे, म्हणे, म्हणे. चढणीवर चपलेचा अंगठा तुटला. तिने त्या चपलेलाही दोन शब्द सुनावले.

दरडीपाशी कुणी नव्हतं. मंडळी शिडी आणायला गडावरच्या देवळाकडे गेली असावीत; टिकाव, दोर, सगळा पसारा तिथेच होता. आणि कातळात ते तोंड. काळं, ओलसर, वटवाघळांच्या वासाचं, जेमतेम माणूस रांगत शिरेल एवढं. घोडेस्वार म्हणे!

ती वाकली. आत तोंड घालून तिने जीव खाऊन हाक मारली, “आवं!”

हाक गेली आणि लगेच परत आली. भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखी, तडक तिच्याच तोंडावर. आत वाट नव्हती, पलीकडे माहेर नव्हतं. आत चार पावलांचा अंधार होता आणि अंधाराच्या पाठीला कातळ.

 मग तिच्या छातीतून असा काही संताप उसळला, की त्याच्या उजेडात तिला सगळं स्वच्छ दिसलं. वर्षानुवर्षांचे बुधवार. हळदीचे हात. वाट पाहणारं अंथरूण. आणि समोर, लख्ख उन्हात, कुणाच्याही कहाणीत नसलेला, आडदांड्याचा उघडा माथा.

तिच्या लहानपणी गुराखी त्या माथ्यावरून जात. आता वाट मोडली होती, रान माजलं होतं. कुणी जात नव्हतं.

तिने भाकरीचं गाठोडं भुयाराच्या तोंडाशी ठेवलं. तुटक्या चपला शेजारी ठेवल्या. पदर खोचला. आणि अनवाणी, एकटी, चढू लागली.

काय ती चढण! करवंदीच्या काट्यांनी लुगडं धरलं, घाणेरीने हात ओरबाडले, निसरड्या मुरमाने पावलोपावली मागे ढकललं. ती वैतागत चढली. काट्यांवर वैतागली, उन्हावर वैतागली, त्या सगुणेवर तर फारच वैतागली. बाई गं, पाय होते ना तुला? दिवा घेऊन उंदरासारखं बिळात कशाला शिरायचं?

आणि मग खिंड आली.

खिंडीत वारा उभा होता, पांढरा, प्रचंड, पाण्यासारखा. अलीकडे सासरची कौलं, पलीकडे माहेरची कौलं; दोन्ही सारखीच लहान, दोन्हींवर धुराची सारखीच निळी रेघ. वैजयंता मधे उभी राहिली. तिच्या टाचेतून रक्त येत होतं. सोनकीचं पिवळं पठार तिच्या दोन्ही बाजूंना उतरत गेलं होतं. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं. पण रडत बसायला वेळ नव्हता. ती धावतच उतरली.

गोदाआईची बाज ओसरीत होती. भावजयीने वैजयंताला पाहिलं, तिचे पाय पाहिले, आणि घंगाळात पाणी ओतलं.

“वैजू?” म्हातारीने विचारलं. डोळ्यांत दुधाळ पडदा. नजर आवाजाकडे वळलेली. “फटफटी तर वाजली न्हाई. कुटनं आलीस?”

“डोंगरावरनं.”

म्हातारीचे हात चाचपडत खाली आले. लेकीच्या पावलांवरून फिरले. काट्यापाशी थांबले, रक्तापाशी थांबले, पुन्हा फिरले. वाळल्या वेलीसारखी ती बोटं, पण काटा त्यांनी अचूक धरला आणि उपसून काढला.

“भुयारातनं यायचं ना,” ती पुटपुटली.

“आई, आता तू पण?” वैजयंता उसळली. “इथंबी तेच? तिकडं सगुणा, इकडं सगुणा! अगं, ती माहेराला जाया निघाली, तवापासनं सगळं गाव...”

“कोण म्हणतंय, ती निघाली?” म्हातारीने तिला मधेच तोडलं. तिच्या आवाजात कित्येक दिवसांत नव्हती ती धार आली. “सासरची माणसं म्हणत्यात व्हय? सगुणीला कोण सोडणार व्हतं! भुयार तिच्या आईनं खणलं. आमच्याकडनं खणलं. लेक येत न्हाई म्हणून म्हातारी सोताच्या हातानं खणत गेली, बाय. दिवा घेऊन तीच गेली.”

 अंगणातल्या झेंडूंवर ऊन थबकलं. वैजयंता आईच्या हातांकडे पाहत राहिली. त्या क्षीण, निळसर, रक्ताने माखलेल्या बोटांकडे, जी अजून तिची टाच सोडत नव्हती.

तिच्या जिभेवर आलेले सारे प्रश्न, कुणी पाहिलं, कधी पाहिलं, तसेच विरघळले. तिने लाडू कुस्करला, दुधात कालवला, आणि आईच्या ओठांशी नेला. म्हातारीने तोंड उघडलं.

सांज केशरी झाली तेव्हा फटफटीचा आवाज आला. अंगणात येऊन उभा राहिला तो रंगनाथ आहे, हे ओळखायला घटकाभर लागलं. डोक्यापासून नखापर्यंत चिखल. कपाळावरची बॅटरी दिवसाउजेडीही पेटलेली. दाही बोटं सोललेली.

“आत गेलीस असं वाटलं मला,” तो म्हणाला. आवाज फाटलेला होता. “भाकरी हाय, चपला हायत, तू न्हाईस. आत शिरलो. हाका मारल्या. पुढं नुसता दगड. म्हटलं, तू गेलीस आन् मागनं कोसळलं. नखांनी उकरलं, वैजू. मग दोस्तांतल्या धाकल्यानं वर चिखलात तुझं पाऊल दावलं... रगत व्हतं त्यात...”

 तो अंगणातच खाली बसला.

त्याची दया येत होती. त्याचा राग येत होता. दोन्ही एकाच वेळी, आणि कुणीच माघार घेईना.

“मी काय बकरी हाय?” ती कडाडली. “बिळात शिरायला? सरळ समोर डोंगर दिसतोय, त्यावरनं बाईमाणूस चालत जाईल, हे एकदा तरी डोक्यात यावं! उठा. त्यो दिवा मालवा आधी. घंगाळात पाणी हाय.”

तो उठला. पायरीशी आला तशी गोदाआईने मान वळवली.

“जावईबापू, गावलं का भुयार?”

रंगनाथने सोललेल्या हातांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने थोडक्यात हुकलं म्हटलं नाही.

“न्हाई, आई. भुयार न्हाई. सगळा कातळ हाय.”

हेच वाक्य ऐकण्यासाठी वैजयंताने वर्षं मोजली होती. आज ते आलं, नेमकं आज, नेमकं इथे. आणि तिने नवऱ्याकडे असं जळजळीत पाहिलं, की तो गोंधळून दोन पावलं मागे सरला. खरं बोलायला हाच मुहूर्त मिळाला या माणसाला!

पण म्हातारी हसली. त्या सुरकुत्यांतून हसू असं पसरलं, जसं सुकलेल्या ओढ्यात पाणी शिरतं.

“असू दे,” ती म्हणाली. “म्हातारीचं थोडं खणायचं ऱ्हायलं आसंल.”

वैजयंताने कपाळावर हात मारून घेतला.

ती परत गेली नाही, माहेरीच राहिली. गोदाआई पौषात गेली, लेकीच्या मांडीवर, शांत. पण त्याआधी सबंध कार्तिक आणि सबंध मार्गशीर्ष तिची बाज ओसरीच्या टोकाला होती, तोंड डोंगराकडे करून. दिसत काही नव्हतं. पण बुधवार तिला कळायचा. बुधवारी आडदांड्यावरून ठणठण ऐकू यायची. रंगनाथ करवंदी तोडत, मुरूम खणत, दगडांच्या पायऱ्या बसवत खिंडीतून खाली यायचा; दर खेपेला वाट थोडी रुंद, थोडी उजळ. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि अर्थातच तो दर खेपेला उशिरा यायचा.

“आला का गं?” म्हातारी विचारायची.

“येतोय. रांगतोय,” वैजयंता त्राग्याने म्हणायची, आणि चहाचं आधण ठेवायची.

आणि समोर पिकल्या गवताचा तो अफाट सोनेरी उतार. त्यावर उन्हाने आखल्यासारखी एक फिकी, नागमोडी, नवी रेघ. आणि त्या रेघेवरून, थांबत, ठेचकाळत, पुन्हा चालत, मुंगीएवढा एक माणूस, माचीकडे, ओसरीकडे, त्या मिटत चाललेल्या डोळ्यांकडे, उतरत होता, हळूहळू, उतरत होता.