केसरीकाकाचा शर्यतीचा कुत्रा

माधवी, तो वडा आधी संपव, मग सांगते. मध्येच ठसका लागला तर माझ्यावर यायचं. आणि नीला, तू प्रश्न विचारायचे नाहीत, मला एका दमात सांगू दे.

तर माझा केसरीकाका. केसरीनाथ, बाबांचा मोठा भाऊ, आमच्या वळ गावातच, आमच्या घराला लागून त्याचा बंगला. शेत गोडाऊनवाल्यांना दिलं त्या दिवशी हा माणूस सोफ्यावर बसला तो अजून बसलेलाच आहे. त्या सोफ्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं, त्यामुळे काका उठला की चर्र आवाज यायचा. यायचा म्हणतेय, कारण आता सोफा नाही. ते येईल पुढे.

गेल्या वर्षी मे महिन्यात काकाला वाटलं की बंगला आहे, बुलेट आहे, गळ्यात चेन आहे, मग दारात कुत्रा का नाही. साधा नको, गावातले तर असेच फिरतात. अल्सेशियन पाहिजे. का? तर त्या लडकूच्या तोंडावर मारायला. लडकू म्हणजे आमच्या गावातला वीटभट्टीवाला. तीन वर्षांपूर्वी बैलांच्या शर्यतीत काकाचे बैल मैदान सोडून सरळ जेवणाच्या मांडवात शिरले होते आणि काका गाडीतून उडून भाताच्या टोपात बसला होता. खरंच बसला होता, मी बघितलंय. तेव्हापासून काका कुठेही जेवायला बसला की लडकू विचारतो, "केसरी, भात गरम हाय ना रं?"

तर काका मला घेऊन गेला कल्याणला, कारण बुलेटवर पिल्लू धरायला कोणीतरी पाहिजे. तिथे अण्णा म्हणून एक रिटायर्ड मिलिटरीवाले, त्यांच्याकडे सात पिल्लं. अण्णांनी एक शांत पिल्लू पुढे केलं, गुबगुबीत, मांडीवर ठेवलं की झोपणारं. म्हणाले, पहिलाच कुत्रा आहे ना तुमचा, हे घ्या. काकाने त्याच्याकडे असं बघितलं की जणू आजारी रेडकू दाखवलंय. मग काय केलं ठाऊक आहे? बैलबाजारात करतात ना, तसं. जोरात टाळी वाजवली, पाय आपटला, एकेकाच्या शेपटीला हात लावला. सहा पिल्लं मागे सरकली. सातव्याने येऊन काकाच्या पॅन्टला दात लावले आणि सोडेचना. काका खूश. "यो. यो धावंल."

अण्णा म्हणाले, "हा मी नवीन माणसाला देत नाही."

"नवीन? आमच्या घरात चार पिढ्या बैल हाईत."

"हा बैल नाही हो. याला रोज पळवावं लागतं. तुम्ही रोज किती चालता?"

"चालतंय कशाला? बुलेट हाय ना."

"आणि याला काम लागतं. डोकं आहे याला, काम दिलं नाही तर स्वतःच शोधेल. घरात कोण देणार?"

काका छाती फुगवून काय म्हणाला, "आमच्या घरात आता कुनालाच काम न्हाय."

अभिमानाने म्हणाला गं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी माझ्या चपलेकडे. मग त्यांनी एका कागदावर सगळं लिहून दिलं. काकाने त्या कागदाने बुलेटची सीट पुसली आणि टाकला. मी उचलला. त्यात तीनच ओळी होत्या: रोज तासभर पळवणे. एक गोष्ट, एकच शब्द, एकच माणूस. काम देणे.

नाव ठेवलं पाखऱ्या. बैलाचं नाव. हौसाकाकी म्हणाली, "कुत्र्याचा नाव तरी कुत्र्यासारखा ठेवा." पण तिचं कोण ऐकतंय.

मग सुरू झाला खुराक. शर्यतीच्या बैलाला देतात तो. सकाळी चार अंडी, दुपारी उडदाचं पीठ आणि गूळ, वर तूप. आणि एवढं खाऊन पाखऱ्याने करायचं काय? तर फाटकापाशी बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याने बघायचं आणि विचारायचं, केसरीशेठ, केवढ्याला आणला. बस. एवढीच ड्युटी. पाखऱ्या चार महिन्यांचा झाला तेव्हा त्याने चपला खाल्ल्या. पाच महिन्यांचा झाला तेव्हा बुलेटची सीट. काका म्हणाला, अंगात रग हाय, चांगला हाय. मग एका दुपारी आम्ही सगळे टेमघरला साखरपुड्याला गेलो आणि ह्याला हॉलमध्ये कोंडून गेलो. आलो तर सोफा नाही. म्हणजे लाकूड होतं. बाकी सगळा काथ्या आणि कापूस घरभर, आणि मध्ये पाखऱ्या बसलाय, प्लास्टिकचा तुकडा तोंडात, शेपूट हलवतोय, की बघा, केवढं काम केलं.

काकाने दाव्याने बांधला. दावं खाल्लं. मग साखळी आणली. फाटकाशेजारी खांब, त्याला साखळी, आणि समोरून दिवसाला दोनशे ट्रक गोडाऊनला जातात. पाखऱ्या प्रत्येक ट्रकवर भुंकायचा. खांबाभोवती गोल गोल फिरून त्याने जमिनीत चर पाडला, आपल्या तेलाच्या घाण्याला असतो ना बैलाच्या पायाचा, तस्सा. काकाचा उपाय काय? "माजलाय. येसन घालूया का नाकात?" मी म्हटलं काका, तो कुत्रा आहे. काका म्हणाला, "मना शिकवू नको. तुज्या जन्माच्या आदी मी खोंड हाकलेत." आणि शिकलेला काका संध्याकाळी अजून दोन अंडी वाढवून मोकळा. हे म्हणजे चूल भडकलीये म्हणून रॉकेल ओतायचं.

मग मी काय केलं ते कोणाला सांगायचं नाही, म्हणजे आता सगळ्यांना कळलंच आहे, पण तरी. दिवाळीनंतर मी पहाटे उठून त्याला सोडायला लागले. घरी सांगितलं तबेल्यातून दूध आणते. दादाचे कॅनव्हासचे बूट, त्यात कापूस कोंबलेला, आणि ओढणी कमरेला. गोडाऊनच्या मागून निघायचं, खाडीच्या बांधापर्यंत जायचं आणि परत. पहिल्या दिवशी त्यानेच मला पळवलं, दोन्ही गुडघे फुटले, घरी सांगितलं तबेल्यात घसरले. पण महिन्याभरात जमलं. एक शब्द, एक माणूस. "बस" म्हटलं की जिथे असेल तिथे पोट जमिनीला. परत आलो की हौसाकाकीच्या शेळ्या बाहेर काढायच्या, त्याही त्यानेच. सात शेळ्या. चावायचं नाही, भुंकायचं नाही, नुसतं मागून असा अर्धगोल फिरायचा आणि शेळ्या रांगेत, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहतात तशा. कोणी शिकवलं त्याला हे? कोणी नाही. काकीला सगळं माहीत होतं. काकी एवढंच म्हणाली, "घरात येक तरी कामाचा आला." आणि काका उठायचा नऊ वाजता, बघायचा तर कुत्रा खांबाशी गप्प झोपलाय. गावभर सांगत सुटला की उडदाचा गुण आला.

आता ऐका. जत्रेच्या आधी पंधरा दिवस, देवळाच्या कट्ट्यावर लडकू बसलेला. म्हणाला, "केसरी, कुत्रा लय शांत झाला म्हनतोस. मंग साखली कशाला लावतोस?"

"साखली शोभेला हाय."

"मंग जत्रेला सोडून आन की. तुज्या फाटकापासून गावदेवीपर्यंत. बिन साखलीचा."

"आनंन."

"आनि न्हाय जमला त?"

दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. काका म्हणाला, "न्हाय जमला त कुत्रा तुजा." लडकूने लगेच टाळी घेतली. त्याला भट्टीवर पाहिजेच होता, खाडीच्या टोकाला, विटांच्या राखणीला. तिथे आधी दोन कुत्रे होते, आखूड साखळीवर, बारा महिने भट्टीच्या धगीत. मी बघितलेत ते. एकाचं तोंड उघडंच असायचं. दोन्ही मेले.

मला हे काकीने सांगितलं आणि माझ्या हातातून ताट पडलं. काकाला जाऊन खरं सांगावं तर तो पहिलं मलाच बंद करणार, पोरगी पहाटेची बूट घालून धावते म्हणून, आणि मग पाखऱ्याला पळवणार कोण. न सांगावं तर पाखऱ्या भट्टीवर. काकाच्या मागे तो चार पावलं चालणार नाही, कारण काकाने त्याला आजवर खायला घालण्यापलीकडे केलंय काय.

मग काकी म्हणाली, आपन बायका ओटी घेऊन जातोच ना देवीला. तू पुढं चाल.

जत्रेच्या दिवशी काका पांढऱ्या सफारीत. अर्धं गाव फाटकाशी. साखळी काढली. मी आणि काकी ओटीचं ताट घेऊन दहा पावलं पुढे, मी मागे वळून बघायचं नाही. पाखऱ्या माझ्या मागे, काका पाखऱ्याच्या बाजूने, आणि लोकांना वाटतंय की कुत्रा काकाच्या पायाशी चाललाय. काका त्यात ऑर्डरी देतोय, "पाखऱ्या, सीदा. पाखऱ्या, बाजूला." तो सीधाच चालला होता बाई, माझ्या पाठीकडे बघून. फुगेवाले गेले, बेंजोवाले गेले, मिठाईची दुकानं गेली, पाखऱ्याने मान वळवली नाही. देऊळ दिसायला लागलं. मागून काका कोणाला तरी सांगत होता, "जनावराला मालकाचा डोला कलावा लागतो."

आणि तेवढ्यात नवसाच्या बोकडांची दावी सुटली. पाच-सहा बोकड, गर्दीत, सगळीकडे पळापळ. आता शेळ्या राखणाऱ्या कुत्र्याला हे दिसल्यावर तो थांबतोय होय? सुटला. बायका किंचाळतायत, लोक दुकानांवर चढतायत, काका ओरडतोय, "पाखऱ्या, हो हो, पाखऱ्या, थांब, हो," बैलाला ओरडतात तसं. पाखऱ्याने बोकडांना घातला वेढा, आणि बोकडांबरोबर लडकूला, दोन बेंजोवाल्यांना आणि पुजाऱ्यालापण. सगळे एका कोपऱ्यात गोळा, दाटीवाटीने, आणि हा समोर फिरतोय अर्धगोल. चावला कोणाला नाही. पण एका माणसाने बांबू उचलला.

मी ताट काकीच्या हातात दिलं आणि म्हटलं, "पाखऱ्या, बस."

मोठ्याने पण नाही म्हटलं. तो तिथेच जमिनीला पोट लावून बसला. बांबूवाला तसाच उभा. बेंजोपण बंद. अख्खं गाव माझ्याकडे बघतंय.

लडकू बोकडांच्या मधून म्हणाला, "केसरी, कुत्रा कुनाचा हाय नक्की?"

आता आमचा काका. चेहरा लाल, घाम, सफारीला चिखल. तरी म्हणाला, "माजी पुतनी हाय. मीच शिकवलाय तिला."

म्हणजे कुत्र्याला पण नाही, मला. सगळे हसले, अगदी पुजारी हसला. पण लडकू हसला नाही. म्हणाला, कुत्रा सुटला ते सगळ्यांनी बघितलंय, कुत्रा माझा. आणि खिशातून दोरी काढली. घेऊनच आला होता. मी पाखऱ्याच्या मानेला दोन्ही हात घातले. रडू आलं, हो आलं, नीला, बघू नको अशी.

मग दाजी उठले. दाजी म्हणजे आमच्याकडे शर्यतीला निशाण दाखवणारे, पंचाहत्तरीचे, त्यांचा शब्द कोणी मोडत नाही. त्यांनी विचारलं, "लडकू, शर्यतीत मदीच गारीवान बदलला त आपन काय बोलतो?"

लडकू हातातली दोरी गुंडाळायला लागला.

"बोल की. तुजे दोन बैल त्याच कायद्यानं वाचलेत."

"बाद बोलतो."

"हितं केसरी निघाला, पोरीनं हाकला. शर्यत बाद. बैल ज्याच्या गोठ्यातला त्याच्या गोठ्यात जाईल." आणि दाजी परत बसले.

लडकूने दोरी खिशात घातली. मला वाटलं संपलं. कुठलं. घरी आल्यावर काका माझ्यावरच. गावात नाक कापलंस, पोरीच्या जातीने पहाटे धावतेस, उद्यापासून कुत्र्याला हात लावायचा नाही. "मीच पलवनार त्याला." काकी म्हणाली, "तुमी?" एवढंच. काकाने त्याच संध्याकाळी निजामपुऱ्यात जाऊन पांढरे बूट आणले.

दुसऱ्या दिवशी मी आणि काकी शेळ्यांच्या गोठ्याआड उभ्या. काका खरंच आला पाच वाजता. साखळी सोडली, हाताला दोन वेढे दिले, आणि पाखऱ्या निघाला. पहिलं गोडाऊन काका धावला. दुसऱ्याला ओढला गेला. तिसऱ्याच्या पुढे जी नाल्यावरची मोरी आहे तिच्यावर जाऊन बसला, तोंड उघडं, छातीला हात. मी घाबरून धावले. पाखऱ्या त्याच्यासमोर उभा, त्याला चाटतोय, की चल ना. काकाने हाताचे दोन्ही वेढे सोडवले. मग साखळी माझ्याकडे केली, माझ्याकडे न बघता.

"पायाला दगड लागला. तू जा म्होरं. मी हितनं बगतंय."

आठवडा झाला. रोज येतो, त्या मोरीपर्यंत चालत. बसतो. येणाऱ्या ड्रायव्हरला थांबवून सांगतो की माझा कुत्रा पळायला गेलाय, पुतणीला ड्युटी लावलीये. म्हणू दे. मी बांधावरून परत आले की घड्याळ बघतो आणि म्हणतो, "काल चवतीस मिन्टं, आज छत्तीस. कुटं गप्पा मारत बसलीस?" मोरीखालचं पाणी घाण आहे म्हणून घरून बाटली आणते, ती पाखऱ्याला पाजते, उरलं तर काकाला.