आजार नाही, जरा त्रास आहे

मित्रांनो, मी एक जुनी खाकी फाईल आहे. जाड पुठ्ठ्याची, पांढऱ्या नाडीची. तुम्ही म्हणाल, फाईलला कसलं आलंय आयुष्य? खरं आहे तुमचं. आम्ही चालत नाही, बोलत नाही. पण आमच्या पोटात जे कागद ठेवतात ते सगळे आम्हाला वाचता येतात. वाचता यावं आणि बोलता येऊ नये, यासारखी दुसरी शिक्षा नाही. ती मी भोगली आहे, म्हणून आज तुमच्यापाशी मन मोकळं करते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे एक बाई दिवसभर पुठ्ठ्यांना भोकं पाडून त्यांत नाड्या ओवायच्या. त्यांनी माझी नाडी दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "ही टिकेल." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. पुढे काही महिने मी वह्या-पेनांच्या दुकानात धूळ खात पडले होते. मग एके दिवशी चष्मेवाल्या मालकांनी मला उचललं.

मालकांचं खाली दुकान होतं आणि वर दोन खोल्यांचं घर. दिवसभर ते गिऱ्हाइकांना खुर्चीवर बसवायचे आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावायचे. कुणी अडखळलं की म्हणायचे, "घाई नाही. मोठं अक्षर काय, कुणीही वाचतं. बारीक वाचा, बारीक." वरच्या घरात त्यांची बायको आणि नुकतीच नोकरीला लागलेली एकुलती एक लेक. बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, म्हणून मीही वहिनीच म्हणते.

मला आणलं त्याला कारण घडलं होतं. वहिनींचे एक मावसभाऊ विमा उतरवण्याचं काम करत. लेकीचे ते मामा, म्हणून घरात त्यांचं नावच विमामामा पडलं होतं. माणूस लाघवी. कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागायचे, मग चहा, मग सही. एका रविवारी सकाळी ते आरोग्यविम्याचा फॉर्म घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर मांड ठोकून बसले. मी शेजारीच होते, कोरी करकरीत.

"दाजी, तुम्ही नुसती उत्तरं द्या. लिहायचं काम माझं," विमामामा म्हणाले. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. नाव झालं, वय झालं, उंची झाली. मग पाचवा प्रश्न आला.

"काही आजार?"

"छे! आजार कसला?" मालक हसले. "जरा साखरेचा त्रास आहे, तेवढाच. सकाळी एक गोळी घेतो. बाकी ठणठणीत."

"म्हणजे आजार नाही ना?"

"आजार असता तर रोज बारा तास दुकानात उभा राहिलो असतो का?"

वहिनी आतून चहा घेऊन आल्या. "दादा, त्या कागदावर आजार-बिजार काही लिहू नकोस हं. बोलाफुलाला गाठ पडायची एखादी."

विमामामांचं पेन क्षणभर थांबलं. मी ते पाहिलं. त्यांना नियम ठाऊक होता, पण चहा गरम होता, बहीण समोर उभी होती आणि पुढचे बारा प्रश्न बाकी होते. त्यांनी त्या रकान्यात सुरेख अक्षरात लिहिलं, 'नाही'. मालकांनी न वाचता खाली सही ठोकली. घरचाच माणूस, त्याचं काय वाचायचं!

मित्रांनो, त्या टेबलावर कुणीही लबाडी करायला बसलं नव्हतं. त्या घरात आजार म्हणजे माणूस अंथरुणाला खिळणं. चालता-फिरता जे होतं तो त्रास. कंबरेचा त्रास, पित्ताचा त्रास, साखरेचा त्रास. त्रासाची तक्रार करायची नसते, तो सोसायचा असतो. फॉर्म छापणाऱ्याला हा फरक माहीत नव्हता आणि या घराला फॉर्म माहीत नव्हता.

तीन आठवड्यांनी विम्याचे बावीस पानांचे कागद आले. त्यांत भरलेल्या फॉर्मची प्रतही होती. पहिल्याच पानावर ठळक छापलं होतं, की हे सारं पंधरा दिवसांत वाचून पाहा आणि कुठली माहिती चुकली असेल तर कळवा. मालकांनी चष्मा पुसला, पान डोळ्यांजवळ नेलं. मला वाटलं, आता पाचवा प्रश्न सापडणार. त्यांना चूक सापडलीही! वारस म्हणून लिहिलेल्या वहिनींच्या नावातली वेलांटी ऱ्हस्वऐवजी दीर्घ पडली होती. मालकांनी लगेच फोन लावला, अर्धा तास हुज्जत घातली आणि आठ दिवसांत वेलांटी सुधारलेलं पान मागवून घेतलं. "कागदोपत्री कसं चोख पाहिजे," असं म्हणून त्यांनी ते माझ्यात ठेवलं आणि माझ्या नाडीला दुहेरी गाठ मारली. ऐन वेळी कागद गळून पडू नयेत म्हणून.

मग मी कपाटात गेले, चादरींच्या खाली. दर वर्षी एक पावती माझ्यात सरकवायला तेवढी बाहेर काढायचे. फ्रिजचं हमीपत्र, लेकीच्या लसींचं कार्ड, शिलाई मशीनची माहितीपुस्तिका, असं काय काय माझ्यात येऊन पडलं. त्यात पाचवा प्रश्न तळाशी गेला. पण घरात माझा मान मोठा. शेजारच्या बाई पडल्या आणि त्यांच्या मुलांची धावपळ झाली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आपली फाईल आहे बाई, आपल्याला घोर नाही." असं कुणी म्हटलं की मी फुगायचे. आता त्या फुगण्याची मला लाज वाटते. मला खरं ठाऊक होतं आणि तरी मी कौतुक ऐकून घेत होते.

चौथ्या वर्षी दुकानात एक भिंग फुटलं. मालक अनवाणी होते. बारीकशी काच तळव्यात गेली आणि त्यांना ती कळलीच नाही. साखर पायांची जाणीव कमी करते, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण न दुखणारी गोष्ट मनावर कोण घेतं? पाचव्या दिवशी वहिनींना मोज्यावर डाग दिसला.

"अहो, पायाला काय झालंय?"

"काही नाही गं. दुखत नाही म्हणजे काही नाही."

आणखी चार दिवसांनी ताप भरला, पाय सुजून काळपट पडला आणि घरात पळापळ झाली. वहिनींनी चादरी भिरकावल्या आणि मला छातीशी धरून रिक्षात बसल्या. एवढ्या वर्षांनी माझी वेळ आली होती.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "मधुमेह किती वर्षांपासून?"

"सात वर्षं," मालक तापातही अभिमानाने म्हणाले. "एक दिवस गोळी चुकवली नाही."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. लेकीने तो कागद आणून माझ्यात ठेवला. आता माझ्या पोटात शेजारी शेजारी दोन कागद होते. एकावर 'सात वर्षं' आणि एकावर 'नाही'. काय होणार ते मला तेव्हाच कळलं.

डॉक्टरांनी सांगितलं, "पायाचा रक्तपुरवठा बंद होतोय. मोठ्या इस्पितळात नेऊन रक्तवाहिनी मोकळी केली तर पाऊल वाचेल. पण उशीर नको." लेक म्हणाली, "आई, मी कुठून तरी सोय करते. आजच नेऊ या." वहिनी तिच्या हाताला धरून म्हणाल्या, "अगं, एवढी फाईल आहे ना! आज संध्याकाळपर्यंत मंजुरी येईल." संध्याकाळी आली नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोन कागद मागितले. तिसऱ्या दिवशी वहिनी मला मांडीवर घेऊन विमा कंपनीच्या खिडकीसमोर बसून राहिल्या. माझ्यावर विसंबून त्या तीन दिवस थांबल्या. या घराने माझ्यावर टाकलेला विश्वास इतका महाग पडायला नको होता.

चौथ्या दिवशी उत्तर आलं, नामंजूर. आधीचा आजार लपवला, असं कारण दिलं होतं.

विमामामा धावत आले. खिडकीतल्या मुलीला हात जोडून म्हणाले, "मॅडम, लपवलं नाही हो. दाजी त्रास म्हणाले होते, माझ्यासमोर म्हणाले होते."

ती मुलगी वाईट नव्हती. तिने तो फॉर्म पुन्हा पाहिला आणि हळूच म्हणाली, "काका, आमच्याकडे त्रासाला वेगळा रकाना नाही."

वहिनी भावाकडे वळल्या. "दादा, तू तरी लिहायचंस रे."

"अगं, तूच म्हणालीस..." बाहेर येताना कुणीतरी त्यांच्यापुढे चहा धरला. इतक्या वर्षांत विमामामांनी पहिल्यांदाच चहा नको म्हटला.

लेकीने हातउसने जमवून वडिलांना त्याच दुपारी मोठ्या इस्पितळात नेलं. उशीर झाला होता. मालकांचं उजवं पाऊल काढावं लागलं.

ते घरी आले तेव्हा सगळ्यांना हसवायला म्हणाले, "आता मोजे धुवायचं तुझं निम्मं काम कमी झालं." वहिनी हसल्या नाहीत. मालकही मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एका दुपारी त्यांनी मला मागून घेतलं आणि पहिल्यांदाच पानन् पान वाचलं. पंधरा दिवसांची ती सूचना वाचली. पाचव्या प्रश्नापाशी ते खूप वेळ थांबले. "मेहुण्याचं अक्षर किती सुंदर आहे," एवढंच म्हणाले आणि मला मिटून ठेवलं. मी ओरडून सांगायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

सहा महिन्यांनी लेकीने आईसाठी नवा विमा घ्यायचं ठरवलं. फॉर्म तिने स्वतः भरायला घेतला. त्याच टेबलावर, मी शेजारी.

"आई, काही आजार?"

"मला कुठला आजार? लिही, काही नाही."

लेकीने पेन खाली ठेवलं. "आजार राहू दे. त्रास सांग. एकूण एक."

"काहीतरीच तुझं!" वहिनी पदराशी चाळा करत राहिल्या. मग हळूहळू सांगू लागल्या. गुडघे धरतात. रात्री हाताला मुंग्या येतात. आणि छातीत एक गाठ आहे, बोराएवढी. दुखत नाही.

"कधीपासून?" लेकीने खुर्ची पुढे ओढली.

"झाले की सहा-सात महिने. तुझ्या बाबांच्या पायाच्या धांदलीत कुठे सांगायचं? आणि मला विचारलं कुणी?"

मालक कुबडी न घेताच भिंतीला धरत टेबलापाशी आले. लेकीने अर्धा राहिलेला फॉर्म तसाच सोडला आणि आईच्या चपला दाराशी आणून ठेवल्या. "चल, आधी डॉक्टरांकडे." तिघंही गेली. मला उघडीच ठेवून गेली.

मित्रांनो, ती गाठ कसली निघते, ते हे सांगताना मला माहीत नाही. माझ्यात अजून तो कागद आलेला नाही. मी दाराकडे बघत बसले आहे. तुम्ही माझ्यासारखीला जपा, पुसा, कोरडी ठेवा, असं मी सांगणार नाही. मला फार जपलं, तेच वाईट झालं. आठ-पंधरा दिवसांतून एकदा उघडा आणि बारीक अक्षरसुद्धा वाचा. पण त्याच्याही आधी एक करा. घरातलं कुणी 'काही नाही, जरा त्रास आहे' असं म्हणालं, तर तिथेच थांबा आणि विचारा, कसला त्रास, कधीपासून. तुम्हाला बोलता येतं. विचारायला एवढं पुरे आहे.