उमाजीच्या दुपट्ट्याचा पांढरा

तारीख : १६ जानेवारी २००५
वेळ : दुपारी चार चाळीस
फ्लॅश : बंद
रंग : गडद
पांढरा : हाताने ठरवलेला

मित्रांनो, ही माझ्या वहीतली एक नोंद. मूल गावातल्या एका फोटो स्टुडिओत काचेच्या कपाटात पट्टा तुटलेला एक डिजिटल कॅमेरा पडून असतो ना, तो जुना जीव म्हणजे मी. काढलेल्या प्रत्येक फोटोच्या पोटात मी अशी नोंद गुपचूप लिहीत असे. ती कोणी वाचत नसे.

स्टुडिओचे मालक श्रीहरीभाऊ यांनी मला नागपूरहून आणले, तेव्हा रीळ न लागणारा कॅमेरा पाहायला दुकानाबाहेर गर्दी झाली होती. मी बारशी काढली, साखरपुडे काढले. आणि एका दुपारी तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, उमाजी ढिवरांचा, हातात भलामोठा मरळ मासा धरलेला फोटो काढला.

आधी मला पांढरे काय ते दाखवावे लागते. त्यावरून मी बाकीचे रंग जुळवतो. भाऊ पांढरा कागद दुकानातच विसरले होते. उमाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला.

"हा घ्या, भाऊ. याहून पांढरं आमच्या घरी काईच नाई."

वर्षानुवर्षे तलावाच्या पाण्यात धुतलेला तो दुपट्टा चांगलाच पिवळट होता. मी त्यालाच पांढरे मानले आणि सगळ्या फोटोवर निळसर छटा चढली. फोटो हातात घेऊन उमाजींची बायको गोकुळाबाई खो खो हसली. "जलमभर पाण्यात राह्यला, आता फोटोतही ओलाच दिसते!"

*

तीन वर्षे गेली. स्टुडिओत मोठा कॅमेरा आला, मी कपाटात गेलो. उमाजीही गेले.

त्यांच्या मुलीचे, जयाचे लग्न ठरले. "मांडवात बाबा पायजे," एवढेच तिचे मागणे. गेलेल्या माणसाला घरच्यांच्या फोटोत जोडून देणे हे आमच्याकडे स्टुडिओचे नेहमीचेच काम. मायलेकींचा फोटो नव्या कॅमेऱ्याने काढला. श्रीहरीभाऊंच्या पत्नी नूतनबाई संगणक सांभाळत. त्यांनी उमाजींना शेजारी उभे केले.

जया बघतच राहिली. "बाबा दुसऱ्याच गावचे दिसून राह्यले."

नूतनबाईंनी निळा कमी केला, तर चेहरा राखेसारखा झाला. तांबूस वाढवला, तर हळद लावल्यासारखा. लग्न आठ दिवसांवर.

"अजी, तवा कॅमेऱ्यात सेटिंग काय ठेवलं होतं?" त्यांनी भाऊंना विचारले.

"तीन साल झाले. मले काय आठवते!"

मग नूतनबाईंनी मूळ फोटोची सीडी शोधली आणि त्याची माहिती उघडली. मित्रांनो, माझी वही पहिल्यांदा कोणीतरी वाचत होते! वेळ, रंग, फ्लॅश. शेवटच्या ओळीवर त्यांचे बोट थांबले.

"पांढरा हाताने ठरवलेला. कशावर ठरवला होता?"

तिथेच माझी वही संपते. आकडे मी लिहितो, माणसे मला लिहिता येत नाहीत.

बाकावरून गोकुळाबाई हळूच म्हणाली, "आमच्या माणसाचा दुपट्टा नाई का? पेटीत हाये. धुतला नाई मी अजून."

*

दुसऱ्या दिवशी मला नव्या बॅटऱ्या मिळाल्या. तीच पाळ, तेच चार चाळीस. जयाने दोन्ही हातांनी दुपट्टा माझ्यासमोर ताणून धरला. मग मी पांढरे पाहिले.

जयावर, गोकुळाबाईच्या लुगड्यावर तीच निळसर छटा उतरली. त्या फोटोत नूतनबाईंनी उमाजींना आणले, तर जोड कुठे आहे ते त्यांचे त्यांनाच सापडेना.

जयाने दुपट्टा घडी करून छातीशी धरला. गोकुळाबाईने मात्र पदर डोळ्यांना लावला आणि ती हसली. "घ्या, आता आमी सगळेच ओले."

मित्रांनो, फोटो भिंतीवर लागला म्हणून त्याची मूळ प्रत पुसू नका. तिच्या पोटात आमच्यासारख्यांनी काहीतरी जपलेले असते. आणि जे आम्हाला जपता येत नाही, ते घरच्या माणसांना वेळेवर विचारून घ्या.

तारीख : ९ फेब्रुवारी २००८
वेळ : दुपारी चार चाळीस
फ्लॅश : बंद
रंग : गडद
पांढरा : हाताने ठरवलेला

कशावर, ते याही वेळी लिहिता आले नाही. म्हणून तुम्हाला सांगितले.